सायखेड्याची मोटार : १९५८ च्या एका आउटबोर्ड इंजिनाची दुरुस्ती

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सायखेड्याचे एक द्राक्षबागायतदार नाशिकच्या अंबडला माझ्या शेडवर आले. पिकअपच्या हौद्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दोघांनी मिळून उतरवलं, गोणपाट सोडलं, आणि आतून बोटीची मोटार निघाली. वर हिरवा ऑइलपेंट, खाली पंख्याची एक पात वाकलेली, ओढायची दोरी गायब.

"भाऊ, तुम्ही पंपाची कामं करता. हे होईल का चालू?"

"कधीपासून बंद आहे, दादा?"

"मला कळतंय तेव्हापासून."

ही मोटार त्यांच्या आजोबांनी मुंबईहून आणली होती. १९६९ साली गोदावरीला महापूर आला तेव्हा आजोबांनी लाकडी होडीला ती लावून वस्तीवरची माणसं काढली, असं घरात सांगतात. त्या होडीत बसलेल्या त्यांच्या आत्या अजून आहेत. सायखेडा आणि चांदोरीला पूर नवा नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्या निफाड तालुक्याने पाहिलं. तेव्हा मागणी दोन पदरी होती. आजोबांची वस्तू चालू व्हावी हा एक पदर, आणि पावसाळ्याच्या आत व्हावी, म्हणजे पूर आला तर गावातल्या पोरांना होडीला लावता येईल, हा दुसरा. पहिल्याला मी लगेच होकार दिला. दुसऱ्याबद्दल तेव्हा बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मी गेली बावीस वर्षं पंप, फवारणीयंत्रं आणि छोटी इंजिनं दुरुस्त करतो. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायची इंजिनं, त्याआधी दोनच उघडली होती, दोन्ही यामाहा. यामाहाचे भाग मुंबईत ससून डॉकच्या आसपास आजही मिळतात, कारण कोकणपट्टीवरच्या कितीतरी होड्या त्यावर चालतात. या हिरव्या रंगाखाली काय आहे ते आधी कळायला हवं होतं. इंजिन टांगतात त्या क्लॅम्पजवळच्या पट्टीवरचा रंग थिनर लावून, कापसाने, अर्धा तास घालवून काढला. सँडपेपर लावला असता तर कोरीव आकडे गेले असते. खालून 'जॉन्सन' आणि सीडी-१५ अशी अक्षरं आली. म्हणजे जॉन्सन सीहॉर्स, साडेपाच अश्वशक्ती, साल १९५८. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, एक पूर्णांक पंधरा सोळांश इंच, दोन्ही मिळून सुमारे १४५ सीसी.

ही पट्टी वाचता आली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. जॉन्सन आणि इव्हिनरूड या दोन्ही अमेरिकन नावांची मालकी १९३६ पासून एकाच कंपनीकडे होती, आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनकडे. वरचं झाकण आणि रंग वेगळा, आतलं यंत्र बहुतेक तेच. ती कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे नाव बॉम्बार्डिअरकडे गेलं आणि २०२० मध्ये इव्हिनरूड मोटारींचं उत्पादनही थांबलं. भाग मागायला मूळ कंपनीच उरलेली नाही. पण तिने पन्नाशीपासून सत्तरीच्या दशकापर्यंत आपल्या छोट्या-मध्यम मोटारींत मॅग्नेटोचे, म्हणजे फिरत्या चुंबकावर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, भाग एकसारखे ठेवले होते, आणि तशा मोटारी अमेरिकेत लाखांनी विकल्या गेल्या. म्हणून तिथे इतर कारखाने ते भाग अजून बनवतात. साडेपाचच्या नावाने शोधलं तर दुकानदार हात वर करतो, आणि पुढच्या दहाच्या, अठराच्या मोटारीची तीच कॉइल त्याच्या फळीवर असते.

उघडल्यावर

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने फिरेना. स्पार्क प्लग काढले, दोन्ही सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) आणि अॅसिटोन समभाग सोडलं आणि सहा दिवस रोज फक्त हलकासा दाब देऊन पाहिलं. सातव्या दिवशी अर्धा इंच सरकलं. घाईने पान्याने पिळलं असतं तर रिंग तुटून सिलिंडरला ओरखडा गेला असता, आणि या बोअरचा पिस्टन मला नाशकातच काय, मुंबईतही मिळाला नसता. मोकळं झाल्यावर कॉम्प्रेशन मोजलं. वरच्या सिलिंडरला ७२ पौंड, खालच्याला ५८. रिंगा अडकलेल्या होत्या. काढून, खाचा साफ करून त्याच परत बसवल्या. पुढे हेड गॅस्केट बदलल्यावर ७८ आणि ७५ आले, तेव्हा त्या बाबतीतली काळजी मिटली.

फ्लायव्हील काढताना तीन पायांचा पुलर कडेला लावायचा मोह होतो. तो टाळा. कड वाकते, लोहचुंबक सैल होतात. मध्ये तीन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात बोल्ट धरतील अशी जाड पट्टी लेथवर करून घेतली. खाली अपेक्षेप्रमाणे दोन्ही कॉइलचं आवरण फुटलेलं होतं, वाळलेल्या चिखलासारख्या भेगा. या मॉडेलांचं हे जन्मजात दुखणं आहे. त्या काळचं इन्सुलेशन वयानुसार तडकतं, ओल आत जाते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता बॉडीला उतरते. मोटार वापरलेली असो वा नसो, कॉइल तडकतेच.

गिअरकेसचं तेल काढलं तर दुधासारखं पांढरं. म्हणजे पाणी आत गेलेलं. सुदैवाने गिअरवर गंजाचे डाग होते, खड्डे नव्हते. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर दगडासारखा कडक झाला होता आणि त्याची पाती एका बाजूला वळून तशीच राहिली होती. कार्ब्युरेटरमधला बुचाचा फ्लोट बोटाने दाबला तर भुगा. पेट्रोलची मूळ टाकी नव्हतीच.

कॉइलचा शोध

सगळ्यात जास्त वेळ यात गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जवळ पाहिलं. मॅग्नेटोवाल्या जुन्या स्कूटर आणि मोपेडच्या कॉइल गोळा केल्या. नाशकातल्या द्वारका भागातल्या एका जुन्या मेकॅनिककडे डबाभर होत्या. त्यातली एक गुंडाळणीच्या हिशोबाने जवळ जाणारी होती, पण लोखंडी पट्ट्यांचा गाभा इथे कॉइलच्या मधून जातो आणि त्या पट्ट्यांचं टोक फिरणाऱ्या चुंबकापासून कागदाच्या जाडीइतकं लांब असावं लागतं. दुसऱ्या गाड्यांच्या कॉइलचं भोक त्या गाभ्यावर बसत नाही. भोक मोठं करायला गेलो तर आतली तार कापली जाईल. तो नाद सोडला.

मग मुंबई. दारूखाना नावाच्या भागात भंगार जहाजांचं सामान विकणाऱ्यांच्या गल्ल्यांतून एक पूर्ण दिवस फिरलो. 'जॉन्सन' म्हटलं की लोक ओळखायचे, आठवणी सांगायचे, पण दाखवायचे यामाहा किंवा सुझुकी. एका म्हाताऱ्या चाचांनी मात्र मला तिथेच शहाणं केलं. म्हणाले, नाव नको सांगूस, वस्तू दाखव. मी कॉइल नेली नव्हती, फक्त फोटो होता. तेव्हापासून प्रत्येक सुट्या भागाचा मी कागदावर आराखडा काढला. लांबी, रुंदी, भोक, आटा, तारेची दिशा, सगळं इंचात आणि मिलिमीटरमध्ये. १९५८ ची अमेरिकन वस्तू इंचातच विचार करते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, आपल्याकडे कुणीही '१९ चं सील' देतं आणि ते बसल्यासारखं वाटतं, पण त्याचं बाहेरचं माप आणि जाडी जुळतेच असं नाही.

जूनमध्ये परदेशातल्या एका विक्रेत्याकडून दोन कॉइल मागवल्या. 'जुना साठा, न वापरलेल्या, मूळ डब्यात' असं वर्णन होतं. डबा खरंच मूळ होता. आतल्या कॉइलला माझ्या कॉइलसारख्याच भेगा होत्या. साठ वर्षं डब्यात राहिली तरी आवरण तेच, वय तेच. साडेपाच हजार रुपये, कस्टमसकट, वाया गेले. विक्रेत्याने खोटं सांगितलं नव्हतं. चूक माझी, मला 'न वापरलेली' हा शब्द 'चांगली' असा ऐकू आला. या पिढीच्या मोटारीची कॉइल घेताना जुना साठा घेऊ नये, आजच्या काळात ओतलेली घ्यावी. दुसऱ्या खेपेला तशीच मागवली. ती ऑगस्टच्या मध्यावर आली आणि गाभ्यावर बोटाच्या दाबाने बसली.

पॉइंटही, म्हणजे उघडताच ठिणगी पडते ते संपर्क, त्याच पार्सलमध्ये मागवले. कंडेन्सर मात्र नाशिकचाच आहे. पॉइंटच्या इग्निशनला साधारण ०.२ मायक्रोफॅरड लागतो, आणि राजदूत-येझदीच्या काळातले कंडेन्सर त्याच आसपासचे. चार घेतले, मीटरवर मोजून सर्वांत जवळचे दोन निवडले आणि पत्र्याची छोटी क्लिप करून मूळ जागी धरले. पॉइंटचं अंतर ०.०२० इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. दोन्ही सिलिंडरला ते तंतोतंत सारखं हवं. एकाचं थोडं जास्त झालं तर त्याची ठिणगी लवकर पडते आणि इंजिन लंगडं चालतं.

जे इथेच झालं

गिअरकेस दोन तुकड्यांची आहे आणि मधल्या सांध्यात गोल रबरी दोरी बसते. अमेरिकेतून मागवली तर महिना. अंबडमध्ये हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्याकडे नायट्राइल रबराची गोल दोरी मीटरवर मिळते. खाचेची खोली व्हर्निअरने मोजली, दोरी तिच्यापेक्षा किंचित जाड निवडली, टोकं तिरकी कापून जुळवली. खर्च चाळीस रुपये. गिअरकेसमध्ये तेल भरून ती तीन दिवस उलटी टांगली, खाली पांढरा कागद. डाग पडला नाही. प्रॉपेलर शाफ्टचं सील मात्र इंचाच्या मापाचं, बेअरिंगवाल्याकडे सांगून आठ दिवसांनी आलं.

हेड गॅस्केटसाठी मी जुन्या नाशकात भांडी बाजाराकडे गेलो. मूळ गॅस्केट तांबं आणि अॅस्बेस्टॉसचं. अॅस्बेस्टॉस घासून काढताना धूळ उडवू नये. मी ओलं ठेवून, तोंडाला मास्क लावून काढलं. नवीन गॅस्केट नुसत्या तांब्याच्या पत्र्याचं करायचं ठरवलं. पत्रा लेझरने कापून घेतला, पण कारखान्यातला पत्रा कडक असतो, तसाच बसवला तर सील होत नाही. ज्यांचे वाडवडील तांब्याचे हंडे घडवत आले त्या एका तांबटाने तो भट्टीत लाल केला आणि सरळ पाण्यात बुडवला. पोलादाला असं केलं तर ते कडक होतं. तांबं मऊ होतं. पत्रा हातात घेतला तर चामड्यासारखा वाकत होता. पैसे विचारले तर म्हणाले, चहा पाजा. हेडची बाजू जाड काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट केली, आणि तो सांधा पहिल्यांदाच घट्ट बसला.

वाकलेली पात टिग वेल्डरने गरम करून सरळ केली, टोकाला तुटलेला तुकडा भरला. नंतर सुरीच्या धारेवर पंखा ठेवून तोल पाहिला आणि जड बाजू घासली. रंग, दोरी, स्प्रिंग याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही, एका रविवारी उरकलं. मूळ जॉन्सन रंग मिळवायच्या फंदात पडलो नाही. आजोबांनी लावलेला ऑइलपेंट जिथे धरून होता तिथे तो तसाच ठेवला.

पेट्रोल

या मोटारीला पेट्रोलचा पंप नाही. इंजिनाच्या क्रँककेसमधला दाब एका नळीने टाकीत जातो, टाकी फुगते आणि दुसऱ्या नळीने पेट्रोल वर येतं. दाबाखालची पेट्रोलची टाकी होडीत पायाशी ठेवायची. तशी टाकी बनवून देणारे होते, पण मी बनवू दिली नाही. त्याऐवजी क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालणारा छोटा डायफ्राम (पातळ पडद्याचा) पंप लावला. इथे एक बारकावा आहे. त्या दाबाच्या वाटेवर एकतर्फी झडपा असतात, त्या फक्त दाब बाहेर सोडतात. डायफ्रामला दाब आणि ओढ दोन्ही हवेत, नाहीतर तो एकदा फुगून तसाच बसतो. म्हणून एका सिलिंडरची झडप काढली, दुसऱ्याची वाट बंद केली. हे सगळं परत मूळ रूपात आणता येईल अशा पद्धतीने केलं. काढलेल्या झडपा पुडीत बांधून मालकांना दिल्या.

फ्लोटसाठी नवीन बूच कापलं. पूर्वी त्याला शेलॅक लावत. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये शेलॅक विरघळतो. चार दिवसांत फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. फेविक्विकचे तीन पातळ थर दिले, प्रत्येक थर रात्रभर वाळवला. एक नमुना पेट्रोलच्या बाटलीत दोन महिने बुडवून ठेवला, तो अजून तरंगतो.

तेलाचं प्रमाण चोवीसास एक, पाच लिटरला साधारण २१० मिली. तेल टीसी-डब्ल्यू-३ प्रतीचं, पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीचं. मोटारसायकलचं टू-टी तेल चालतं असं अनेक जण सांगतात. पण हवेने थंड होणारं इंजिन जास्त तापतं, त्याच्या तेलातली रसायनं इथे थंड सिलिंडरमध्ये नीट जळत नाहीत आणि प्लगवर, पिस्टनवर राख धरते.

चालू

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मोटार लावली, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर. हाय स्पीडची सुई एक फेरा, स्लोची दीड. सातव्या ओढीला पकडली. धूर इतका की शेजारचा वेल्डर धावत आला. पहिली काळजी पाण्याची. नवीन मोटारीतून मागे पाण्याची बारीक धार पडते, लोक तीच शोधतात. या मॉडेलला तशी धार नसते, मागच्या भोकांतून धुरासोबत फवारा येतो. मी फवारा पाहिला, आणि दर मिनिटाला हेडवर हात ठेवला. पाच मिनिटांनी हात ठेवता येत होता, दहा मिनिटांनीही.

खरी चाचणी कुठे घ्यायची हा प्रश्न होता. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक पितं, तिथे तेल सोडणारं टू-स्ट्रोक नेणं मला पटलं नसतं. नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांचं अभयारण्य. शेततळ्याचा प्लास्टिक कागद पंख्याने फाटेल, शिवाय ते पाणी ठिबकमधून बागेत जातं. शेवटी मालकांच्याच जमिनीतली दगडाची बंद खाण निवडली, पावसाने भरलेली. दिवाळीनंतरच्या एका सकाळी फायबरच्या होडीला मोटार लावली आणि वीस मिनिटं फिरलो. दोघं असताना होडी छान निघाली. चौघं बसल्यावर वेग चालण्याच्या आणि धावण्याच्या मधला. एकदा पंखा बुडालेल्या बाभळीच्या फांदीत अडकला आणि पंख्याची पिन कापली गेली. तिचं कामच ते. म्हणूनच ती मी पितळेची केली होती. लोखंडी पिन घातली तर ती टिकते आणि गिअरचे दात जातात.

पण पिन कापली तेव्हा आम्ही होडीत निमूट बसलो होतो, वल्ह्याने काठावर आलो. तिथे मी मालकांना ते सांगितलं जे मे महिन्यात सांगायला हवं होतं.

"दादा, ही पुरात लावायची नाही."

त्यांचा चेहरा उतरला. आजोबांनी लावलीच होती ना, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आजोबांकडे दुसरी नव्हती. पुराच्या पाण्यात वाहून आलेली झाडं, तारा, गोण्या असतात. पहिल्याच फांदीला पिन जाईल आणि होडी प्रवाहाच्या स्वाधीन. साडेपाच अश्वशक्तीला भरलेली होडी गोदावरीच्या पुरासमोर धरवत नाही. पॉइंटवर पाणी उडालं तर ठिणगी गेली. आणि या मोटारीचा भाग यायला दोन महिने लागतात. गावाला होडी हवी असेल तर ज्याचे भाग मुंबईत त्याच दिवशी मिळतात असं नवं इंजिन घ्या, मी बसवून देतो, मजुरी नको. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, कारण सहा महिने त्यांनी वाट पाहिली होती ती पुरासाठीच.

आत्या काठावर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना होडीत बसायचं होतं. आम्ही नवीन पिन घातली, लाइफ जॅकेट घालून त्यांना बसवलं आणि अर्ध्या गतीने एक फेरी मारली. उतरल्यावर म्हणाल्या, तेव्हा हिचा आवाज मोठा होता. मग थोडं थांबून, तेव्हा मी लहान होते.

एकूण खर्च २३,४०० रुपये आला, त्यात वाया गेलेल्या कॉइल धरलेल्या नाहीत. एक काम बाकी आहे. फॉरवर्ड गिअर जोरात दिला की कधीकधी सुटतो, कारण मधल्या दाती कॉलरची धार एका बाजूने गोल झाली आहे. ती कॉलर काढून फिरवून बसवली तर न झिजलेली बाजू फॉरवर्डला येईल, असा माझा अंदाज आहे. आराखडा काढून ठेवलाय. द्राक्षाची छाटणी आणि थिनिंग उरकलं की मालक मोटार परत आणणार आहेत.